तुम्ही विचारलंत म्हणून: ‘कैद्याला शिक्षा झाली ना? मग अजून तुमच्याकडेच कसा?’

टेक्ससमधल्या एका काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, जेलमध्ये मी नर्स आहे हे कळलं, की मंडळाच्या गणपतीत काय, सांगलीच्या फोनवर काय, हाच प्रश्न. माझं ठरलेलं उत्तर असं: निकालाची प्रत, ठसे, आत काढलेल्या दिवसांचा हिशेब, असं ‘पेन पॅकेट’, म्हणजे राज्याच्या तुरुंगासाठीचा कागदांचा संच, पूर्ण झालं की माणूस ‘पेपर रेडी’. तिथून त्याला आपल्या तुरुंगात न्यायला राज्याकडे ४५ दिवस. तोवर जेवणखाण, औषधपाणी काउंटीने बघायचं. एवढं सांगून मी विषय बदलते.

आज नाही बदलत.

मार्च २०२०. एकाला हर्निया. सर्जनकडे पाठवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि लगेच, ‘हा जाणार कधी?’ मी यादी पाहिली. पेपर रेडी होऊन बारा दिवस झालेले. म्हणजे आमच्याकडे आता थोड्याच दिवसांचा. ‘महिन्याभरात जाईल,’ मी म्हणाले. नोंद मीच टाइप केली: राज्याकडे गेल्यावर बघतील.

एप्रिलमध्ये कोविडमुळे राज्याने काउंट्यांकडून कैदी घेणंच थांबवलं. तो रोज गोळ्या घेताना विचारायचा, ‘मिस, चेन कधी?’ चेन म्हणजे न्यायला येणारी बस. तिची तारीख आम्हालाही आधी कळत नाही. ‘येईल,’ मी म्हणायचे. पोटाचं त्यानेही विचारलं नाही, मीही नाही. मग एका रात्री तो भिंतीशी उकिडवा बसलेला सापडला, घामाने निथळत. हर्निया अडकला होता. अँब्युलन्स, पायात बेड्या, पहाऱ्याला दोन डेप्युटी. आतड्याचा तुकडा कापावा लागला. वाचला.

सही डॉक्टरांची होती. बस राज्याने थांबवली. त्या पाळीला आम्ही दोघीच नर्स होतो. हे सगळं खरं आहे, आणि तेव्हाची मी ते अजूनही तावातावाने सांगते. मी तिला म्हणते, नोंद तुझी होती ना?

१९७६ चा एस्टेल विरुद्ध गॅम्बल निकाल आम्हाला शिकवतात. गॅम्बल हाही टेक्ससचाच कैदी, अंगावर कापसाचा गठ्ठा पडलेला. कैद्याच्या गंभीर दुखण्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं. डॉक्टरविरुद्धची त्याची स्वतःची तक्रार मात्र टिकली नाही. मी जाणूनबुजून केलं का? नाही. निदान तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात एक जण दाढ धरून आला. मी त्याचं तोंड बघायच्या आधी यादी उघडली.