४.२६ सेकंद आणि बाकीचं सगळं

अफाट वेगाचा पण कच्चा खेळाडू व्यावसायिक संघाने किती लवकर निवडावा, याची ही गोष्ट, तारीक वूलन नावाच्या पोराच्या निमित्ताने. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, संघ नाही. बास्केटबॉलचे स्पर्स आहेत आणि गावाला त्यांचं कौतुकही फार, पण फुटबॉल (म्हणजे इथला, हेल्मेटवाला) डोळ्यांसमोर बघायचा तर कॉलेजचाच. इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या संघाला सगळे युटीएसए म्हणतात. त्यांनी पहिला सामना खेळला २०११ साली, म्हणजे टेक्सासच्या हिशेबाने संघ अजून दुधाच्या दातांचा. सामने अलामोडोममध्ये होतात. ऑफिसातल्या एकाच्या नादाने मी तिथे जायला लागलो. हा गडी शाळेत असताना कॉर्नरबॅक खेळलेला, त्यामुळे बावीस माणसांतून त्याची नजर त्या एकाच जागेवर. "चेंडूकडे बघायचं नाही," हा त्याने मला दिलेला पहिला धडा. तिकिटाचे पैसे देऊन चेंडूकडे बघायचं नाही!

पण त्याचं बरोबर होतं. कॉर्नरबॅक मैदानाच्या कडेला उभा असतो आणि समोरच्या रिसीव्हरला (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला) पास मिळू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. रिसीव्हरला आपण कुठे वळणार हे आधीपासून ठाऊक असतं, याला नसतं. त्यात याची सुरुवात बहुतेकदा उलट्या पावलांनी. कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटूच्या हातवाऱ्यांना भुलत नाही, त्याचे पाय बघतो. तसं इथे कमरेवर नजर ठेवायची. डोकं फसवतं, खांदे फसवतात, कंबर सहसा फसवत नाही.

२०२१ च्या हंगामात युटीएसएने बारा सामने जिंकले, दोनच हरले आणि कॉन्फरन्स यूएसए या कॉलेज संघांच्या गटाचं विजेतेपदही मिळवलं. आपला तारीक वूलन त्याच संघात कॉर्नर (म्हणजे कॉर्नरबॅक) होता. टेक्सासमधल्याच फोर्ट वर्थचा, सहा फूट चार इंच उंच. एवढ्या उंचीचे कॉर्नर फार दिसत नाहीत, कारण उंच माणसाला कंबर झटकन वळवणं जड जातं. शिवाय हा कॉलेजात आला होता रिसीव्हर म्हणून. कॉर्नर नंतर झाला. खेळात ते दिसायचं. रिसीव्हर आतल्या बाजूला कापून गेला की वूलन ताठ उभा राहायचा, एक पाऊल जास्त टाकायचा, आणि मग त्या लांब ढांगांनी अंतर भरून काढायचा. माझ्यासारखा नवखा म्हणायचा, वा, काय गाठलं! शेजारचा गडी पुटपुटायचा, "पण मागे पडलाच कशाला?"

एनएफएलचे संघ दरवर्षी सात फेऱ्यांत पाळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात. ही निवड करणाऱ्यांची सगळी मेख त्या प्रश्नात आहे. मागे पडून गाठणं कॉलेजात चालून जातं, कारण तिथला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) ते एक पाऊल नेहमी हेरत नाही. एनएफएलमधला हेरतो. नियमही वेगळे. कॉलेजात पास अडवताना धसमुसळेपणा केला तर दंड जास्तीत जास्त १५ यार्डांचा. एनएफएलमध्ये जिथे गुन्हा तिथेच चेंडू. ४० यार्डांवर हात घातला तर ४० यार्ड गेले. आणि एनएफएलमध्ये पहिल्या पाच यार्डांपुढे रिसीव्हरला धक्के देत राहणंही बेकायदा. कॉलेजात तो पाच यार्डांचा नियमच नाही. म्हणजे कच्च्या पोराच्या ज्या सवयी कॉलेजात झाकल्या जातात, त्यांचंच एनएफएलमध्ये बिल येतं.

मग मार्चमध्ये इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे निवडीआधीची चाचणी, झालं. तिथे पोरांची मापं घेतात, उड्या मारायला लावतात, ४० यार्ड पळवतात. वूलन ४.२६ सेकंदांत पळाला आणि उभ्या जागी ४२ इंच उडाला. त्या उंचीच्या माणसाने! टीव्हीवाले वेडेच झाले. पण त्याच कम्बाइनमध्ये बेलर विद्यापीठाचा केलन बार्न्स हा कॉर्नर त्याहून वेगात, ४.२३ सेकंदांत पळाला होता. कॅरोलायना पँथर्सनी त्याला शेवटच्या, सातव्या फेरीत घेतलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच सोडून दिलं. त्यामुळे घड्याळाला किती मान द्यायचा ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते घड्याळ एवढंच सांगतं की त्याच्या सामन्यांचा व्हिडिओ लक्ष देऊन बघा.

व्हिडिओत काय बघायचं? आमच्या गड्याची कसोटी मला पटली: चूक कशाची आहे? काम नवीन असल्याची, की मुळात जमतच नसल्याची? रिसीव्हरची चाल उशिरा ओळखली, तर ते शिकवता येतं. अंगावर धावून येणाऱ्याला खाली पाडायची इच्छाच नसेल, तर अवघड. आणि हंगामाच्या सुरुवातीची चूक शेवटच्या सामन्यातही तशीच दिसते का, हे बघायचं. वूलनच्या बहुतेक चुका नवखेपणाच्या वाटत होत्या. शिवाय रिसीव्हर राहिलेला असल्याने चेंडू हवेत असताना त्याचे हात घाबरत नव्हते.

तरीही चार फेऱ्या कोणी हात लावला नाही. पाचव्या फेरीत, १५३ व्या क्रमांकावर, सिॲटल सीहॉक्सनी घेतला. तिथे तेव्हा प्रशिक्षक होते पीट कॅरल. उंच, लांब हातांचे कॉर्नर घडवायची त्यांना जुनी हौस. २०११ मध्ये त्यांनी स्टॅनफर्डचा, पुढे मोठा नावाजलेला कॉर्नर रिचर्ड शेरमन असाच पाचव्या फेरीत, १५४ व्या क्रमांकावर उचलला होता. तोही आधी रिसीव्हर. कच्चा माल कोणाच्या हाती पडतो, हे कुठल्याच मापात येत नाही.

पहिल्याच वर्षी वूलनने सहा पास हिसकावले, लीगमध्ये संयुक्त पहिला. सलग चार सामन्यांत एकेक, त्यातला डेट्रॉइटविरुद्धचा तर थेट टचडाउनपर्यंत (म्हणजे गुण मिळवेपर्यंत) नेला. ‘प्रो बोल’साठी, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंतही, निवड झाली. २०२३ मध्ये मात्र दोनच, आणि टॅकल करताना (चेंडूवाल्याला खाली पाडताना) अंग चोरतो म्हणून टीकाही झाली. म्हणजे शंका अगदीच खोट्या नव्हत्या.

मला विचाराल तर असा पोरगा पाचव्या फेरीत डोळे झाकून घ्यावा, तिसऱ्या फेरीत हो-नाही करत, पहिल्या फेरीत नाहीच. आमचा गडी दुसऱ्या फेरीलाच तयार होता. जेवणाच्या सुट्टीत यावर अजून भांडतो आम्ही.