किराणा वही, वर्ष चौथं: दिवाळी २०२५ नंतरची नोंद

मे महिन्यापासून वहीची पानं भरत होती, पण हिशेब नीट मांडायला दिवाळीची सुट्टी उजाडावी लागली. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी कराडचा, नोकरदार माणूस. महिन्याला ५,००० रुपये शेअरमध्ये घालतो आणि घरचा किराणा स्वतः आणतो. २०२२ च्या दिवाळीत दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर दुकानात काय दिसलं ते लिहायचं, उजव्या पानावर त्या कंपनीचा तिमाही निकाल आल्यावर खरं काय निघालं ते. डावी पानं भराभर भरतात. उजवी भरताना तोंड पडतं.

यंदा पहिल्या वर्षीचा खेळ पुन्हा केला. ऑक्टोबरची यादी घेतली आणि प्रत्येक जिनसापुढे मालक लिहीत गेलो. दूध गोकुळचं, म्हणजे सहकारी संघ. बटर अमूलचं, तेही सहकारी. पार्ले-जी आजही घरगुती मालकीचं, बाजारात शेअर नाही. बाकरवडी चितळ्यांची, मसाला सुहानाचा, लोणचं निलॉन्सचं, पापड लिज्जतचा, आईची पेस्ट विको वज्रदंती. यातलं एकही नाव डीमॅटमध्ये घेता येत नाही. आपल्या डोळ्यांसमोर जे सगळ्यात जास्त खपतं, त्यातलं बरंचसं विकायलाच नाही, हे पहिल्या वर्षी कळलं तेव्हा मी चक्क हिरमुसलो होतो. आता त्याची गंमत वाटते.

मीठ मात्र आहे. आणि त्यातही एक मेख आहे. मामांकडे कित्येक वर्षांपासून टाटा केमिकल्सचे शेअर पडून आहेत, आणि "अरे, मीठ कोण सोडणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मीठ मिठापूरला टाटा केमिकल्सच्याच कारखान्यात बनतं हे खरं. पण २०२० मध्ये ग्राहक वस्तूंचा धंदा वेगळा काढून टाटा ग्लोबल बेव्हरेजेसमध्ये घातला आणि तिचं नाव टाटा कंझ्युमर झालं. पुडीवरचा ब्रँड तेव्हापासून तिकडे. मामांना त्या वेळी त्या कंपनीचेही शेअर मिळाले होते. ते त्यांनी "हे कुठून आले?" म्हणत विकून टाकले. मामांसमोर हा विषय मी काढत नाही.

आता मेचं पान. यंदाचा मे आठवतोय ना? वळवाचा म्हणता म्हणता पाऊस मुक्कामालाच आला, आणि २६ मेला मान्सून मुंबईत दाखल. एसटी स्टँडजवळच्या टपरीवरचा थंड पेयांचा फ्रीज गच्च भरलेला आणि लोक चहाला उभे. टपरीवाला म्हणाला, "साहेब, यंदा फ्रीजचं लाइट बिलसुद्धा सुटत नाही." डाव्या पानावर लिहिलं: थंड पेय, एप्रिल-जून वाईट. आपल्याकडे पेप्सी भरून विकणारी वरुण बेव्हरेजेस. तिचं आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि उन्हाळ्याची तिमाही म्हणजे तिची सुगी. निकाल आला तेव्हा भारतातला खप खरोखर घटलेला होता. एसीवाल्या कंपन्यांचंही तेच झालं.

म्हणजे डावं पान बरोबर. मग मी खूश का नाही? कारण शेअर वर्षाच्या सुरुवातीपासूनच उतरत आला होता. टपरीवाल्याचं लाइट बिल मला मेमध्ये कळलं. दुसरी भीती बाजाराला जानेवारीपासूनच होती. ती त्याच फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात मांडलेली होती आणि मी ती थंड पेय समजून पीत होतो: दहा रुपयांची कॅम्पा. रिलायन्सनं २०२२ मध्ये तो जुना ब्रँड घेतला, २०२३ मध्ये पुन्हा आणला आणि दहाच्या नोटेत बसवला. बरं, कॅम्पा जोरात चाललीय म्हणून कॅम्पा विकत घ्यावी, तर तीही सोय नाही. रिलायन्सचा शेअर घेतला तर रिफायनरी येते, जिओ येतं, आणि कुठेतरी तळाशी चमचाभर कॅम्पा.

सप्टेंबरची पानं या वर्षातली सगळ्यात घट्ट भरलेली आहेत. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कपातीची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला कौन्सिलनं दर ठरवले आणि २२ पासून लागू. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर. तूप, बटर, फरसाण १२ वरून ५ वर. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ वरच राहिली. हे आमच्या काकांना (शनिवार पेठेतले आमचे दुकानदार, वहीतले मुख्य पात्र) अजून पटलेलं नाही. "अंगाला लावायचा साबण स्वस्त आणि कपड्याचा महाग, हे कुठलं शास्त्र?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं, जणू कौन्सिलमध्ये मी होतो.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काकांनी कंपन्यांच्या सेल्समनना अक्षरशः दारातून परत पाठवलं. शाम्पूच्या माळा संपत आलेल्या, तरी नवीन घ्यायला तयार नाहीत. "बावीसनंतर ये." पितृपक्षात तसंही गिऱ्हाईक कमी, त्यामुळे ते निवांत होते. मी डाव्या पानावर लिहिलं: मागणी आटली. आणि खाली रेघ मारून, थोडा विचार करून, पुन्हा लिहिलं: मागणी नाही, ऑर्डर आटली. या दोन शब्दांतला फरक कळायला मला तीन वर्षं लागली. कंपनीच्या लेखी विक्री होते ती माल डिस्ट्रिब्युटरकडे गेला की. माझी आई त्या महिन्यात तेवढ्याच वेळा अंघोळ करते, तेवढाच साबण झिजवते, पण निकालात मात्र खड्डा दिसतो. हिंदुस्तान युनिलिव्हरनं निकालाच्या आधीच शेअर बाजाराला कळवलं होतं की डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार जुना माल संपवत बसल्यानं ऑर्डरी लांबल्यात आणि तिमाही जेमतेम जाईल. तसंच झालं. हे पान आधी अनुभवलेलं असल्यानं बातमी वाचून मी काही विकलं नाही. चार वर्षांत हीच काय ती प्रगती म्हणायची तर म्हणा.

मग आली सुट्ट्या पैशांची मजा. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यात १८ टक्के कर धरला तर मूळ किंमत ४.२४ रुपयांच्या आसपास पडते. त्यावर ५ टक्के लावले की ४.४५. हे मी वहीत गणित म्हणून करून ठेवलं होतं. काही पुड्यांची किंमत खरंच अशी साडेचारच्या आसपास येऊन बसली. दोन रुपयांची शाम्पूची पुडी पावणेदोनवर. काकांकडे पन्नास पैसे कुठून येणार? त्यांनी चॉकलेटची बरणी पुढे सरकवली. कॉलेजचा एक पोरगा बहाद्दर निघाला, त्यानं फोनवरून बरोब्बर ४.४५ पाठवले. साउंड बॉक्स ती रक्कम मोठ्यानं बोलला तेव्हा दुकानात पाच माणसं हसली. पुढे कंपन्या पुन्हा पाच आणि दहाच्या गोल आकड्यावर आल्या आणि कपातीचा फायदा वजनात द्यायला लागल्या.

म्हणून या छंदात नवीन असाल तर एवढं करा: पुड्याची किंमत बघू नका, वजन बघा. लहान पुड्याची किंमत सहसा बदलत नाही. महागाई आली की ग्रॅम कमी, स्वस्ताई आली की ग्रॅम जास्त. आता बऱ्याच पाकिटांवर प्रति ग्रॅम किंमतही छापलेली असते, बारीक अक्षरात असली तरी असते. मी चष्मा डोक्यावर चढवून दुकानात पाकिटं फिरवत उभा राहतो. बायको म्हणते, लोकांना वाटतं तुम्ही अन्नभेसळवाले आहात.

यंदा सगळ्यात जास्त शिकवलं ते निळ्या बाटलीनं. पॅराशूट. घरात असेल तर हातात घ्या आणि पूर्ण वाचा. नारळ आहे, खाद्यपदार्थाचा हिरवा ठिपका आहे, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आहे. केसांचं चित्र नाही. ज्या बाटलीनं आमच्या आईनं आयुष्यभर आमची डोकी चोपडली, ती बाटली स्वतःला केसांचं तेल म्हणतच नाही! कारण साधं: खाद्यतेलावर कर ५ टक्के आणि केसांच्या तेलावर तेव्हा १८. लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल यातलं कुठलं, हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते खाद्यतेल म्हणून धरता येईल असा निकाल दिला. पॅराशूट बनवणाऱ्या मॅरिको कंपनीचे माझ्याकडे थोडे शेअर आहेत. निकाल वाचून मी घरात जिलेबी आणली. नऊ महिन्यांत केसांचं तेलही ५ टक्क्यांवर आलं आणि बदामाचं, आवळ्याचं, सगळ्यांचंच तेल त्याच रांगेत उभं राहिलं. जिलेबी पचून गेली होती.

खरी गोष्ट मात्र कराची नव्हतीच. ती खोबऱ्याची होती. गणपतीच्या खिरापतीला खोबरं आणायला गेलो तेव्हा भाव ऐकून काकांना म्हटलं, "काका, किलोचा सांगताय का पोत्याचा?" केंद्रानं २०२५ साठी तेलाच्या खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला ११,५८२ रुपये ठरवला होता आणि दक्षिणेतल्या बाजारात भाव त्याच्या दुपटीच्या आसपास खेळत होता. मग बाटलीचं काय होणार? किंमत चढली आणि काही बाटल्यांतलं तेलही कमी झालं. आई पहिल्यांदा म्हणाली, "बाटली लवकर संपतेय रे." मी म्हटलं, थंडी नाही, लग्नसराई नाही, तू जास्त लावतेस. ती म्हणाली, मी जास्त लावत नाही, बाटलीत कमी येतं. तिनं मिलीचा आकडा वाचला नव्हता. तिच्या तळहाताला कळलं होतं.

सप्टेंबर तिमाहीचा निकाल आला. मॅरिकोची विक्री रुपयांत भरपूर वाढलेली. पॅराशूटचा खप तेलाच्या मापात मात्र थोडा घटलेला, आणि खोबऱ्यानं नफ्याचं प्रमाण खाल्लेलं. मथळा वाचणाऱ्याला वाटावं, काय जोरात धंदा आहे! आईच्या तळहाताला विचारलं असतं तर वेगळं उत्तर मिळालं असतं. तरी मी शेअर ठेवले आहेत. भाव चढल्यावरही आईनं दुसऱ्या कंपनीची बाटली आणायला सांगितली नाही, फक्त कुरकुर केली. ब्रँड ब्रँड म्हणतात तो म्हणजे हीच कुरकुर, असं माझं मत.

याच्या उलट गोष्ट मोती साबणाची. नरक चतुर्दशीच्या आधी आठवडाभर काकांच्या काउंटरवर मोतीच्या वड्यांचा मनोरा. गुलाब आणि चंदन. दुपारपर्यंत अर्धा मनोरा गायब. २०२२ मध्ये हे बघूनच मी हिंदुस्तान युनिलिव्हर घेतला होता. मोती तिकडे टाटांच्या जुन्या टॉमको कंपनीबरोबर आला, नव्वदच्या दशकात. माझ्या डोक्यात हिशेब असा की अख्खा महाराष्ट्र एकाच पहाटे एकच साबण लावतो, म्हणजे केवढी विक्री! कंपनीची वर्षाची उलाढाल ६० हजार कोटींच्या पुढे. त्यात आमचा मोती म्हणजे समुद्रात टाकलेली सुगंधी वडी. वर शेअर घेतला तो वर्षाच्या नफ्याच्या साठपटीच्या आसपास भाव देऊन. तीन वर्षं तो जागच्या जागी उभा आहे. साबण उत्तम आहे, यंदाही लावला.

एक कबुलीही इथेच देतो. २०२३ मध्ये एका चपलांच्या कंपनीचे शेअर घेतले होते, कारण एसटीत खिडकीजवळ बसून मोजलं तर दहातल्या चार पायांत त्याच चपला. नाव सांगत नाही, चूक चपलेची नव्हती. मी पाय मोजले, भाव मोजला नाही. अजून ४० टक्के खाली आहे. तो आकडा वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लाल पेननं लिहून ठेवलाय.

शेअर बाजारातले दिवाळीचे तासाभराचे मुहूर्ताचे सौदे यंदा २१ ऑक्टोबरला भर दुपारी, पावणेदोन ते पावणेतीन. संध्याकाळी पूजा झाल्यावर लॅपटॉपला कुंकू लावून एक शेअर घ्यायची आमची पद्धत. यंदा बायको अजून रांगोळी काढत होती आणि मी जेवणाच्या ताटावरूनच मॅरिकोचा एक शेअर घेतला. कुंकू राहिलं.

परवापासून कराडात थंडी पडलीय. सकाळी बाटलीतलं तेल पांढरं थिजलेलं असतं, आई ती गच्चीवर उन्हात ठेवते. काल मी ती उचलून मिलीचा आकडा वाचला आणि दिवाळीच्या बाटलीशी ताडून पाहिला. दोन्ही सारखे. खोबऱ्याचा भाव काकांना विचारून डाव्या पानावर लिहिला आहे. उजवं पान जानेवारीच्या शेवटपर्यंत कोरं.