विषाची पुडी खिशातच ठेवा: मुदपाकखान्यातला कट लिहिताना

जुलमी राजा, त्याचा वाडा आणि आतली नोकरमाणसं फोडणारे बंडवाले असा विषय एकांकिकेला घेतला, की पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी विषाची पुडी काढतंच. मग राजा पेला ओठाला लावतो, तबला थांबतो आणि अंधार होतो. स्पर्धेचा हंगाम तोंडावर आहे, तेव्हा कोल्हापुरातल्या लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी आधीच सांगून ठेवतो: मुदपाकखान्यात, म्हणजे राजाच्या स्वयंपाकघरात, मुरलेला माणूस विषाच्या वाटेला जाणार नाही. त्याच्या हातात त्याहून मोठी वस्तू असते, ती म्हणजे हिशेब.

विष का नको, याचं उत्तर बडोद्याच्या खटल्यात आहे. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअरच्या पपनसाच्या सरबतात आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड सापडली. आळ आला बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाडांवर आणि रेसिडेन्सीतल्या नोकरांवर. तिथं बाजू उलटी होती, राजाची माणसं साहेबाच्या घरात शिरलेली, पण धडा तोच. फेअरने दोन-तीन घोट घेतले, त्याला बरं वाटेना म्हणून सरबत ओतून दिलं आणि पेल्याच्या तळाचा गाळ त्याच्या नजरेस पडला. मोहीम तिथंच संपली. चौकशी मंडळात तीन इंग्रज एका बाजूला आणि तीन हिंदी सभासद दुसऱ्या बाजूला, असा निकाल दुभंगला. तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांची गादी गेलीच. त्याच खटल्याच्या साक्षींत अमीना आयाचं नाव येतं. साहेबाच्या घरातलं बोलणं ऐकायचं आणि रात्री महाराजांच्या वाड्यावर जाऊन सांगायचं, एवढंच तिचं काम. बातमीचा हा धंदा बिनबोभाट चालला होता, तो बाहेर पडला विषाच्या चौकशीमुळे. तुमच्या नाटकातला कट असाच बुडणार असेल तर बुडवा, पण कशानं बुडाला ते प्रेक्षकाला कळू द्या.

शिवाय वाडे काही झोपलेले नसतात. अकबराच्या मुदपाकखान्यात भांडी फडक्यात बांधून, वर मोहोर मारून, आत काय आहे ते लिहून पाठवत, आणि चाखणारी माणसं वेगळी. विष घालणाऱ्याला आधी आपल्याच ओळखीचा चाखणारा मारावा लागतो. ही गोष्ट संहितेत कुणी घेत नाही. घेतली तर त्यातच अख्खं नाटक आहे.

आता हिशेबाकडे या. पहाऱ्यावर दोनशे माणसं आहेत असं धरा. माणशी दोन भाकरी म्हणजे चारशे. किलोभर ज्वारीच्या पिठात दहा-बारा भाकरी होतात, म्हणजे ३५ ते ४० किलो पीठ. सराईत बाई एका चुलीवर तासाला तीसेक भाकरी काढते. चार बायका बसल्या तर साडेतीन तासांच्या आसपास लागतात. आता एके दिवशी पहाटे पाचव्या बाईला बोलावणं गेलं, याचा अर्थ काय? साधारण शंभर भाकरी वाढल्या, म्हणजे पन्नास माणूस रात्रीत आत आलं. हे कळायला दाराला कान लावावा लागत नाही, पाचवी बाई कोण हे ठाऊक असलं की पुरे.

तसंच दशम्यांचं. पाण्यात भिजवलेल्या पिठाची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, दुधात भिजवलेली दशमी दोन-तीन दिवस टिकते. कोठीतून पिठाबरोबर दूध, भाजलेले हरभरे आणि सुकी चटणी एकदम सुटली, तर कुणीतरी लांब निघालंय. घोडी निघणार असतील तर पागेसाठी चंदीचा, म्हणजे घोड्यांच्या खुराकाचा, हरभरा आदल्या रात्रीच भिजत पडतो. घोड्यामागे दोन-तीन किलो हरभरा सुटतो, तेव्हा भिजलेल्या पिंपांवरून स्वारी केवढी हे काढता येतं. कोठावळा, म्हणजे धान्याची कोठी सांभाळणारा, म्हणूनच सगळ्यात मोलाचा माणूस. पन्हाळ्यावर अंबरखाना, म्हणजे गडावरची धान्याची कोठारं, बघायला गेलात तर गंगा कोठीपाशी जरा थांबा. ती एकटी २५,००० खंडीची सांगतात. तिच्या दारात बसून नोंद ठेवणाऱ्या कारकुनाला किती दिवसांचा वेढा सोसेल हे किल्लेदाराइतकंच कळणार.

राजा पंगतीला कधी बसणार, हे आपल्या इथला पांढरा रस्सा सांगतो. तांबडा चुलीवर तासभर ताटकळला तरी बिघडत नाही, उलट मुरतो. पांढऱ्याचं तसं नाही. मटणाचं अळणी पाणी तयार ठेवता येतं, पण नारळाचं दूध पडल्यावर त्याला खळखळून उकळी आली की तो फाटतो. म्हणून शहाणा आचारी पानं मांडायची वर्दी आल्याशिवाय दूध ओतत नाही. परसात नारळ फुटायला लागले की घटकाभरात स्वारी जेवायला येणार, हे बाहेर लाकडाची मोळी टाकणाऱ्यालाही ऐकू येतं. तुमचं कथानक काल्पनिक राज्यात घडत असेल तर ही खूण बेलाशक वापरा.

माणसांची रचना मात्र नीट अभ्यासा, इथं बहुतेक संहिता घसरतात. वाड्यातल्या स्वयंपाकघरात सगळे सगळीकडे फिरत नव्हते. सोवळ्याच्या चुलीपाशी सोवळ्यातलाच आचारी. पाणक्या घागरी आणून ठेवणार तो ठरलेल्या जागेपर्यंत. भांडी घासणारी बाई परसात, तिला उंबरा ओलांडायची मुभा नाही. वाढपी आतल्या दालनात जातो, पण कोठीत त्याचं काम नसतं. जातीची ही उतरंड वाड्याच्या सुरक्षेचंही काम करत होती, हे लिहिणाऱ्यानं झाकू नये. म्हणून आचारी भांडी घासणारीच्या कानात कुजबुजतोय असा प्रसंग लिहू नका, दोघं एका जागी दिसले की मुदपाकखान्याचा दारोगा वळून बघणार. निरोप जायचा तो वस्तूवरून: चुलीची राख, खरकटी भांडी, रिकामी पोती. राख उत्तम. ती रोज बाहेर पडते, भांडी घासायला लागते आणि तिच्यात हात घालायची हौस कुणालाच नसते.

बाहेरून येणारा माणूस हवा असेल तर कल्हईवाला घ्या. रोजच्या वापरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना वर्षातून दोन-तीनदा तरी कल्हई लागते. तो परसात खड्डा करतो, भाता जोडतो, कोळसा फुलवतो. घासून ठेवलेलं पातेलं तापलं की नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं गरागरा फिरवतो आणि भांडं पाण्यात बुडवतो. चर्र आवाज येतो, आत आरसा. हा माणूस अर्धा दिवस परसात बसतो, भोवती पोरं जमतात, भात्याच्या फुसफुशीत बोलणं पुढं जात नाही आणि उद्या तो सरदाराच्या वाड्यावरही हेच काम करायला जाणार असतो. भांडी देणारी-घेणारी बाई त्याच्याशी बोलली तर कुणाला वावगं वाटत नाही.

कल्हईवरूनच कट फसवताही येतो, आणि तो फसवणं मला विषापेक्षा कितीतरी पटतं. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक किंवा आंबट आमटी राहिली की ती कळकते. रंग हिरवट, चव तोंड वाकडं करणारी, पोटात गेली की उलट्या. कुणी काहीच केलेलं नसताना पंगतीतली चार माणसं आडवी होतात, दारोगा सगळ्या मुदपाकखान्याला कोंडतो आणि झडतीत राखेतला निरोप सापडतो. कारण काय, तर कोठीनं वेळेवर कथील दिलं नाही. आता हा कंजूषपणा राजाचा की कारभाऱ्याचा, ते तुम्ही ठरवा.

चुलीवरचा माणूस कृती म्हणून काय करू शकतो? उशीर. तोही अर्धा-पाऊण तासाचा, पण बंडवाल्यांना दिंडी दरवाजातून आत यायला तेवढा पुरतो. मीठ जास्त घालणं हा वेडेपणा, फटके आचाऱ्यालाच बसणार. चिंचेचा कोळ तुरीची डाळ शिजायच्या आधी पडला तर आंबटपणानं डाळ लवकर मऊ होत नाही, कितीही जाळ घाला. ‘डाळच जुनी आहे’ म्हणायला जागा राहते आणि कोठावळा आपला असेल तर तो मान डोलावतो. ओल्या लाकडाचा धूर हा दुसरा उपाय, पण धूर लांबून दिसतो आणि त्यापायी लाकूडवाला सापडतो. मी डाळच घेईन.

खुणा ठरवताना एक पथ्य पाळा: खूण दुसऱ्या कुणाच्या हातानं मोडता कामा नये. पालथी घागर ही खूण संहितांत फार येते. प्रत्यक्षात पहिली तहानलेली व्यक्ती ती सुलटी करते. पत्रावळींच्या गठ्ठ्यात एक पान जास्त ठेवलं तर वाढपी मोजताना ते काढून टाकतो. कांद्याची सालं झाडून जातात. मोळी बांधलेल्या दोराची गाठ टिकते, कारण ती सोडायचं काम एकाच माणसाचं. आणि खूण चुकली तर अर्थ ‘थांबा’ असाच निघाला पाहिजे, ‘या’ असा नव्हे. खूण दिसली तरच यायचं, नाही दिसली तर परत फिरायचं.

आतून आलेली बातमी बाहेरच्यांनी तपासली नाही तर काय होतं, हे कोल्हापूरला शिकवायला नको. इथले छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा वाड्यात छळ होतोय, या बातमीनं सगळा महाराष्ट्र हलला होता. टिळक-आगरकरांनी कारभारी माधवराव बर्व्यांविरुद्ध छापलं, पुराव्याची म्हणून मिळालेली पत्रं बनावट निघाली आणि १८८२ मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाराजांचा मृत्यू पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरला नजरकैदेत झाला. बातमीचा गाभा आणि तिचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या बंडवाल्यांतही एक माणूस असा हवा, जो भाकरीचा आकडा चंदीच्या आकड्याशी ताडून बघितल्याशिवाय निरोप पुढं सोडत नाही. नाटकात तो सगळ्यांच्या शिव्या खाणारा असेल.

फुटणारा माणूस निवडताना बडोद्याचा रावजी आठवा. रेसिडेन्सीतला हा हवालदार माफीच्या वचनावर साक्षीदार झाला. भित्रा किंवा लोभी माणूस शोधत बसू नका. ज्याला दोन्हीकडची नावं ठाऊक आहेत तोच फुटल्यावर महाग पडतो, म्हणून कोठावळ्याला कल्हईवाल्याचं नावही कळू देऊ नका.

मंचावर चूल असली तरी जिवंत जाळ नको. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतर हे वेगळं सांगायची वेळ यायला नको. लाल-पिवळा दिवा, वर फडक्याची झुळूक, भागतं. भाकरी मात्र खरी थापा. परातीतला थाप-थाप आवाज ध्वनिफितीवरून कधीच जमत नाही, आणि थापताना बोलायची वाक्यं लहान लिहा, कारण पीठ पसरत असताना नटीला लांब श्वास घेता येत नाही. ज्वारीचं पीठ ताजं दळून आणा. आठ-पंधरा दिवसांचं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि भाकरी ऐन संवादात कडेला चिरते.