मे महिन्यात बामणोली-तापोळा : जाणार असाल तर आधी हे वाचा

बामणोली आणि तापोळा ज्याच्या काठावर आहेत, त्या कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे जे फोटो सगळीकडे फिरत असतात, ते पावसाळा संपल्यानंतरचे असतात. काठोकाठ निळं पाणी, हिरवेगार डोंगर, काठाला टेकलेली बोट. मे महिन्यात असं काही दिसत नाही आणि खोली बुक करताना हे कुणी सांगतही नाही. आम्हाला फोनवर "वहिनी, खोलीतून थेट पाणी दिसतं" असं सांगितलं होतं. पाणी दिसतं, नाही असं नाही. पण ते खाली खोलात, तांबड्या उघड्या उतरणीच्या पार पलीकडे.

कारण सरळ आहे. कोयना धरण १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यातलं ६७.५ टीएमसी वर्षभरात वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवता येतं. हे वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणजे मे अखेरीस जलाशय तळाकडे आलेला असतो. त्यात उन्हाळ्यात सिंचनासाठी पूर्वेकडेही पाणी सुटतं. आम्ही सांगलीचे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या आमच्याकडच्या सिंचन योजना याच पाण्यावर चालतात, त्यामुळे पाणी का उतरलं याबद्दल आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती गिऱ्हाइकाला आधी न सांगण्याबद्दल.

आदल्या रात्री जेवताना ठरलं आणि पहाटे निघालो. पेठ नाका, कराड, सातारा, मग यवतेश्वरचा घाट चढून कास. फुलं ऑगस्टअखेरपासून येतात, मे महिन्यात पठार कोरडं ठणठणीत असतं, फुलांसाठी येऊ नका. कास तलाव मात्र झाडीत आहे, तिथे डबा खाऊन घ्या. वाटेत बायका पळसाच्या द्रोणात करवंदं विकतात, ती जरूर घ्या.

खरा त्रास बामणोलीच्या बाजूला, रस्ता संपतो तिथून बोटीपर्यंत. पाणी मागे सरकलं की मधे गाळाची उतरण उघडी पडते. वरून ती पापडासारखी कडक दिसते, पाण्याजवळ गेलं की पाय घोट्यापर्यंत आत. नवऱ्याची सँडल तिथेच रुतली आणि पट्टा तुटून हातात आला. दुपारी दोनच्या उन्हात ती उतरण चढून परत येणं म्हणजे छातीचा भाता होतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मे महिन्यात तिथे उतरवू नका, वरूनच पाणी दाखवा. मागच्या बाजूला पट्टा असलेली, चिखलात धुता येणारी चप्पलच घाला.

आता बोटीबद्दल, कारण राग अजून गेलेला नाही. इथे भाडं बोटीचं असतं, माणशी नसतं. आठ जण असोत की दोघं, रक्कम तीच. हे मान्य. पण आम्ही ज्या ठिकाणी बसलो तिथे वर फलकावर एक दर आणि खाली पाण्याशी दुसरा. "ताई, फलक जुना आहे, पाणी लांब गेलंय, डिझेल जास्त लागतं." उन्हात उतरून आलेला माणूस पुन्हा वर जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. वर तासाचे पैसे घेऊन अर्ध्या तासाच्या आतच बोट वळवली. म्हणून सांगते : फलकाचा फोटो काढूनच खाली उतरा, पावती वरच फाडून घ्या, निघतानाची वेळ बोटवाल्यासमोर मोठ्याने बोला. आणि जोडीने गेला असाल तर वरच थांबून दुसरं एखादं कुटुंब गाठा, भाडं वाटून घ्या.

दुसऱ्या दिवशी मेढा, केळघरमार्गे महाबळेश्वर गाठून तापोळ्याला उतरलो. महाबळेश्वरात मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी गाडी घालू नका, अर्धा दिवस तिथेच जातो. तापोळ्याला मात्र सकाळी साडेसहाला कराडच्या एका कुटुंबाबरोबर बोट वाटून घेतली आणि आदल्या दिवसाचं सगळं विसरले. वारा नाही, दुसरी बोट नाही, पाण्यावर डोंगर उलटे पडलेले. माझं मत ठाम आहे : उन्हाळ्यात बोट सकाळी आठच्या आत, नाहीतर नाहीच.

गाडी पाण्यापलीकडे नेणाऱ्या तराफ्यावर गाडी घालायची हौस असेल तर आधी पायी जाऊन धक्का बघा. उतार तीव्र, चाकाखाली सुटी खडी, आणि गाडी बसकी असेल तर बूड घासतं. आमची घासली. फोनमधल्या नकाशाने हा टप्पा नेहमीचा रस्ता असल्यासारखाच दाखवला, थांबायचा वेळ त्यात धरलेलाच नव्हता. शेवटची फेरी किती वाजता, हे गावातच विचारा.

वासोटा किल्ला करायचा असेल तर वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र जवळ ठेवा. हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, गडावर मुक्काम करता येत नाही. मे महिन्यात मी तरी कुणाला वासोटा सुचवणार नाही, डिसेंबर-जानेवारीत जा.

परतताना पसरणी घाट उतरून वाई, मेणवलीचा नदीकाठचा घाट, धोम. छान आहे, सोपं आहे, सांगण्यासारखी अडचण काही नाही.

पेट्रोलची टाकी साताऱ्यातच फुल्ल करा. आणि रोख पैसे न्या, तेही सुटे. पाण्याच्या कडेला रेंज येत-जात राहते, फोनवरून पैसे जात नाहीत, आणि पाचशेची नोट दिली तर उरलेले परत मिळायला तुम्हालाच ती उतरण पुन्हा चढून टपरीपर्यंत जावं लागतं.