पत्रिका छापण्याआधी मी वयाचा दाखला मागतो

अक्षय्य तृतीया जवळ आली की आमच्या प्रेसमध्ये श्वास घ्यायला उसंत नसते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडं मार्च-एप्रिलात कारखान्यावरून परततात आणि लग्नं निघतात. बाहेरच्याला वाटतं, पत्रिका म्हणजे गणपती आणि चार ओळी. खरं काम असतं ते नावांचं. निमंत्रक कोण, विनीत कोण, थोरल्या चुलत्याचं नाव मामाच्या वर की खाली, ‘किलबिल’मध्ये कुणाचं पोर राहिलं. प्रूफ दिलं की काउंटरवर एकजण मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे कान देऊन ऐकतात. एक नाव सुटलं तर रुसवा वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून मी घाई करू देत नाही.

त्या दिवशी मुलीचे वडील आणि भाऊ आले. भावाचं म्हणणं, “कार्ड कशाला? मोबाईलवर टाकलं की झालं.” वडील म्हणाले, “कुंकू लावलेलं कार्ड दारात गेल्याबिगर पाव्हणं येत न्हाईत. अन् देवापुढं काय मोबाईल ठेवायचा?” हा वाद मला रोजचाच आहे. आधी हजार पत्रिका नेणारी घरं आता देवाला, भावकीला आणि वडीलधाऱ्यांना पुरतील एवढ्याच छापतात, बाकीच्यांना पीडीएफ. त्यात काही वाईट नाही. विवाह नोंदणीला पत्रिका जोडावी लागते, नसली तर प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं, म्हणून थोडी तरी छापा, असं मी सांगतो. दोघांनाही ते पटलं.

मग मी नेहमीप्रमाणे दोघांच्या वयाचा पुरावा मागितला. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानं मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा लागतो, आणि अशा लग्नाला हातभार लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. प्रेसवाले, मंडपवाले, बँडवाले, पुरोहित, सगळ्यांना वय बघूनच काम घ्या, असं प्रशासनाचं पत्र येतं. बरेच प्रेसवाले ते ड्रॉवरमध्ये टाकतात. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल ही त्यांची भीती खरी आहे, पण मला ते पटत नाही.

भावानं मोबाईलमधलं आधार दाखवलं. जन्मतारीख १ जानेवारी, वय अठराच्या जरासं वर. आमच्या भागात ही १ जानेवारी दिसली की मी शाळेचा निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारखेची नोंद, मागतो. दाखला नसताना अंदाजानं सांगितलेल्या वयाला हीच तारीख पडते. एवढ्यात वडीलच कौतुकानं बोलून गेले, “हुशार हाय पोरगी. आत्ताच धाव्वीचे पेपर दिलेत.”

भावानं त्यांच्याकडे पाहिलं. मी वही मिटली आणि म्हणालो, “मामा, उतारा आणा, मग छापतो.”

ते चिडले नाहीत. खाली बसले आणि म्हणाले, “मालक, आम्ही सहा म्हैने फडात. तिला कुणाच्या जिवावर ठेवू?” आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, त्यावर उचल म्हणून आगाऊ पैसे देतो. घरी राहिलेल्या वयात आलेल्या मुलीची राखण कुणी करायची, हा प्रश्न कुठल्याच परिपत्रकात नाही. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. भाऊ म्हणाला, “राहू द्या आबा, मोबाईलवर फुकटात होतंय.” दोघं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका लायटिंगवाल्याच्या स्टेटसला मोबाईल ॲपवर केलेली ती पत्रिका दिसली. महाल, हत्ती, खाली हिंदी शेर. कुलस्वामिनीचं नाव नाही, जोडाक्षरं तुटलेली. पण मुलीचं नाव, गाव आणि तारीख स्पष्ट होती. त्या ॲपनं वय विचारलं नव्हतं. ज्यांच्या ज्यांच्या मोबाईलवर ती गेली असेल, त्यांनी अंगठा दाखवून पुढं पाठवली असणार.

मी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन केला. गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. ग्रामसेवक, अंगणवाडीताई आणि पोलीस घरी गेले, शाळेतून उतारा काढला. मुलगी सोळाची निघाली. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं वडिलांनी लिहून दिलं. त्या तारखेला लग्न झालं नाही.

लिहून दिल्यावरही साखरपुड्याच्या नावाखाली दुसऱ्या गावात लग्न उरकणारे मला माहीत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीड आणि परभणीत विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या, चाळीस टक्क्यांहून जास्त मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. प्रशासनाच्या पत्रात प्रेसवाल्यांबरोबर व्हिडिओ पत्रिका करणारे स्टुडिओ आणि डिझाईनवाले यायलाच हवेत. तालुक्यातल्या प्रेसवाल्यांच्या बैठकीत मी हे मांडलं, तर एकजण म्हणाला, “आपण फक्त डिझाईन करतो, लग्न थोडंच लावतो?” मला त्याचा राग आला आणि अजून गेलेला नाही. मी आता पीडीएफलाही उतारा मागतो.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. त्याचा अर्ज मी अंगणवाडीताईंकडे दिलाय, अकरावीला तिथं जागा मिळते का ते त्या बघतायत. वडिलांनी अजून सही केलेली नाही. दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी येईल, त्याच्या आत ती सही व्हायला हवी.