पिसोरी, ईडर आणि पाचपैकी दोन

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत स्पॉटिंग (मांडलेले नमुने ओळखणं), जर्नल सगळं घंटेवर उरकतं. पोरगं खरं कळतं ते तोंडीत. यंदा राधानगरी तालुक्यातल्या एकाच्या चिठ्ठीत ईडर आलं, उत्तरेकडच्या गार समुद्रातलं बदक. सकाळपासून पाठांतर ऐकून कान किटले होते. म्हटलं, "तू स्वतः बघितलेल्या सस्तन प्राण्याशी तुलना कर."

"पिसोरी," तो म्हणाला. म्हणजे जंगलातला तो लहानसा खुरवाला प्राणी.

दाजीपूरच्या जंगलाला लागून त्याच्या मामाचं गाव. "पेन्सिलीएवढे पाय सर, आणि त्याला इवलेसे खूर." मग तो थांबेचना. वजनाला दोन्ही साधारण सारखी, दोन-तीन किलोंची. ईडर शिंपले कवचासकट गिळतं, भुगा पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत होतो. पिसोरी पाला, पडलेली फळं खाऊन मग रवंथ करते. पण गाईसारखे पोटाचे चार कप्पे तिला नीट नाहीतच, तिसरा नावालाच. हे आमच्या वर्गात मी कधी शिकवलेलं नव्हतं.

"आणि सर, दोघांचा जीव वाचतो तो न हलण्यानं." ईडरची मादी 25-26 दिवस घरट्यावर जवळजवळ उपाशी बसते, वजन तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटतं, पण तपकिरी पिसांमुळं जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पिसोरी तशीच, अंगावरचे पांढरे ठिपके-पट्टे पाचोळ्यात मिसळून. "मी दोन हातांवर होतो, कान सुद्धा हलला न्हाई."

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हरणाचं पिल्लू बघितलं असशील."

"न्हाई सर, मोठा नर होता. वरचे सुळे बाहेर आलेले. आणि पिसोरी हरणाच्या कुळातली न्हवं, तिला शिंगं येतच न्हाईत."

शब्दन् शब्द बरोबर. कुळ वेगळंच, ट्रॅग्युलिडी. पण परीक्षकांचा चेहरा उतरला. "पक्ष्याची आणि खुरवाल्याची कसली तुलना? विषय सोडून बोलतोय," म्हणत त्यांनी पाचपैकी दोन मांडले. तुलना मी मागितली होती. मी "चार द्या" एवढंच पुटपुटलो, ते न ऐकल्यासारखं करून गुणपत्रक माझ्याकडं सरकवलं गेलं. पुढची बॅच दारात उभी होती. मी सही केली.

अशी माणसं वर्षानुवर्षं परीक्षक म्हणून फिरतात आणि आम्ही त्यांच्या चहापाण्याची सोय बघतो.

संध्याकाळी रंकाळा स्टँडवर तो राधानगरीच्या एसटीला थांबलेला दिसला. जवळ आला. "सर, माझं काय चुकलं?"

"काही नाही," मी म्हणालो. कुणाचं चुकलं, ते तोंडातून निघालं नाही. गाडी लागली, तो पळाला.