आमची वाटचाल : आधी पाणी, मग वीज

आम्ही गॅस इंजिनावर वीज बनवणारी आणि त्याच इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी तापवणारी मशीनं बसवतो. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) आमच्या शेडच्या भिंतीवर एक लाकडी फळी टांगलेली आहे. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी तिच्यावर यू आकारात ठोकलेली, मधे मिलिमीटरची पट्टी आणि नळीत लाल शाई घातलेलं पाणी. हा आमचा मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं साधन. इंजिनाच्या धुराड्यावर हीट एक्स्चेंजर (धुरातली उष्णता पाण्याला देणारं यंत्र) बसवल्यावर बॅक प्रेशर, म्हणजे धूर कोंडून इंजिनावर उलटा येणारा दाब, किती वाढलं ते सांगतो. वेल्डरमामांनी बनवला, खर्च चाळीस रुपये.

मामा म्हणजे माझे कुणी नात्यातले नव्हेत. मी कलाभवनाचा, म्हणजे बडोद्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा, इंजिनियर, ते सातवी पास, पण एक्स्चेंजरच्या ट्यूबशीटमध्ये, म्हणजे भोकांच्या जाड पत्र्यात, ट्यूब फुलवून घट्ट बसवायची कशी ते मी त्यांच्या हाताकडे बघून शिकलो. दोघांनी मिळून धंदा सुरू केला तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाईकांनी विचारलं होतं, "का रे, नोकरी नाही लागली?"

पहिलं खरं काम अलकापुरीतल्या एका हॉटेलचं. इतर सगळ्यांनी कनेक्टेड लोड, म्हणजे विजेच्या सगळ्या उपकरणांची बेरीज, बघून 125 किलोवॅटचं गॅस इंजिन कोट केलं होतं. मी तीन दिवस लॉन्ड्रीत स्टूल टाकून बसलो आणि गरम पाणी किती लागतं ते तासातासाला वहीत लिहिलं. मग सांगितलं, 60 किलोवॅट पुरे. एवढं इंजिन जॅकेटच्या पाण्यातून (इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती फिरतं ते) आणि धुरातून मिळून साधारण 90 किलोवॅट उष्णता देतं. त्यात तासाला दोन हजार लिटरच्या वर पाणी 25 अंशांवरून 60 वर जातं. पाच हजार लिटरची टाकी ठेवली की सकाळच्या आंघोळी आणि दुपारची धुलाई दोन्ही भागतात. उरलेली वीज ग्रिडची घ्यावी, त्यात कमीपणा नाही. शेठ हसले. "तमे तो पाणीवाळा एन्जिनियर!" तेव्हापासून मी त्यांचा पाणीवाळा.

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग ते हॉस्पिटल. नकाशात आमचं मशीन तळघरात होतं. जमिनीवर चौथरा करू, असं मी मीटिंगमध्ये म्हणालो, पण लेखी दिलं नाही. ती चूक माझी. 31 जुलै 2019 ला बडोद्यात काय झालं ते कुणाला सांगायला नको, रस्त्यावर मगरी फिरत होत्या. तळघरातलं पाणी उपसायलाच दोन दिवस गेले. आम्ही पोचलो, डिपस्टिक ओढली, तर तेल दुधाच्या चहासारखं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. तरी आशा होती. अल्टरनेटर, म्हणजे वीज बनवणारा भाग, धुऊन, भट्टीत वाळवून, मेगर मारत मारत (इन्सुलेशन तपासत) परत उभा करता येतो. पण आमच्या आधी तिथल्या कुणीतरी "चालतंय का बघू" म्हणून स्टार्टर मारला होता. सिलिंडरमधलं पाणी काही दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकला. स्टार्टर कुणी मारला ते शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही. माझ्या बिलाचे शेवटचे 14 लाख मात्र अडकले ते अडकलेच.

तेवढ्यात आमच्या एका प्रतिस्पर्ध्याने, नाव घेत नाही, बाजारात पसरवलं की यांची मशीनं बुडतात. अहो, दहा फूट पाण्यात कुणाचं बुडणार नाही? त्याच हॉस्पिटलची नवी ऑर्डर त्याने घेतली, दुप्पट मोठं मशीन दिलं. आमचा पॅनेलवाला मुलगाही नेला. त्याला सिंक्रोनायझिंग, म्हणजे मशीनची वीज ग्रिडशी जुळवून जोडणं, मी शिकवलं होतं. रिव्हर्स पॉवर रिले (ग्रिडची वीज उलटी मशीनमध्ये शिरली तर तोडणारा) कशाला असतो हे त्याला माहीत नव्हतं आमच्याकडे आला तेव्हा!

शेड गहाण होती. मामांनी तीन महिने पगार घेतला नाही. आणि एका सकाळी हॉटेलवाले शेठ शेडवर आले, खुर्ची नको म्हणाले, उभ्या उभ्याच दोन वर्षांच्या मेंटेनन्सचा चेक लिहिला. पुढच्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये त्यांचं हॉटेल बंद होतं. तरी चेक परत मागितला नाही.

युक्रेन युद्धाच्या वर्षी गॅस भडकला तेव्हा विजेच्या हिशोबाने घेतलेली मोठी इंजिनं आधी बंद पडली. उष्णता रेडिएटरमधून हवेत सोडायची आणि वर युनिटचा भाव ग्रिडशी लावायचा, कसं परवडणार? शेठचं मशीन चाललं. तास कमी केले, पण चाललं.

विषय निघालाच आहे तर नव्या लोकांना सांगतो. धूर 120 अंशांच्या खाली थंड करायला जाऊ नका, आत आम्लाचं पाणी सुटतं आणि ट्यूबा खातं. प्लेटचा एक्स्चेंजर हाताच्या जोरावर आवळू नका, प्लेटांचं पॅक आवळून किती मिलिमीटरला आणायचं ते नेमप्लेटवर असतं. बोअरचं पाणी सॉफ्टनरशिवाय (क्षार काढल्याशिवाय) घेऊ नका. आणि तळघराची ऑर्डर घेऊ नका. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदी पुन्हा गावात आली तेव्हा आमचं एकही मशीन ओलं झालं नाही.

गेल्या महिन्यात त्याच हॉस्पिटलमधून फोन आला. मशीन लोड घेत नाही, बसवणारे फोन उचलत नाहीत. मामा आता येत नाहीत, गुडघे गेले, म्हणून फळी मीच खांद्याला लावून नेली. लाल पाणी पट्टीच्या वर निघून गेलं. बघतो तर सहा इंची धुराडं भिंतीतून काढताना चार इंची केलेलं. माझ्या 14 लाखांचा विषय कुणी काढला नाही, मीही काढला नाही. व्हिजिट चार्ज मात्र दुप्पट लावला आणि आगाऊ घेतला.